सुई पिवळ्या पिशवीत सापडली, तर

रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयासारख्या ठिकाणी वॉर्ड सांभाळते ती परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर. तिच्या वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन, आणि अशा रुग्णालयांचे प्रमुख सहसा जिल्हा शल्यचिकित्सक. समजा, सकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेताना वापरलेली सुई पिवळ्या पिशवीत सापडली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार ती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हवी होती.

आधी बघायचं, ती कुणाला टोचली का. टोचली असेल तर जखम साबण-पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. खरडपट्टीला एवढी घाई नसते.

खरडपट्टी रुग्णांसमोर तर नकोच. सुई टाकणाऱ्या सिस्टरला बाजूला घेऊन विचारायचं, काय झालं? पांढरा डबा भरून वाहत होता आणि दुसरा आलाच नव्हता, असं निघालं तर कागद स्टोअरला जायला हवा, तिला नव्हे. डबा शेजारीच होता, तर एकदा तोंडी समज पुरते. उशिरा येण्याचंही तेच. पावसात लांज्याची एसटी एखाद दिवशी रखडते. दर सोमवारी रखडत असेल तर रजिस्टर काढून बसावं.

पुन्हा घडलं की लिहायचं. ‘निष्काळजी आहे’ हे मत झालं. तारीख, वेळ, काय दिसलं, कुणी पाहिलं आणि त्यावर ती काय म्हणाली, एवढंच लिहावं. पुढे मेट्रनमार्फत ज्ञापन, म्हणजे मेमो, जातं, लेखी खुलासा येतो. शिक्षा परिसेविकेच्या हातात नसते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधली शिक्षांची यादी ठपक्यापासून सुरू होते, आणि किरकोळ शिक्षेआधीही म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. कंत्राटी सिस्टरला तिच्या करारातल्या अटी लागू होतात. समज मात्र कायम आणि कंत्राटी दोघींना सारखीच द्यावी. वशिल्याच्या माणसाला सोडलं की बाकीच्यांना दिलेल्या मेमोला काडीची किंमत उरत नाही.

ड्युटीवर दारू, औषधांची चोरी, रुग्णाला मारहाण, यांना तोंडी समजेची पायरी नाही. त्याच दिवशी वर कळवायचं. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जाते. ‘आपसात मिटवून टाका’ असं सांगण्याचा अधिकार इन्चार्ज सिस्टरला नाही.