खरखर काढा, पण तंबोरा राहू द्या

जुन्या मैफलींच्या कॅसेटी अजून कितीतरी घरांत आहेत. वडिलांनी किंवा काकांनी स्टेजजवळ टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण पुढची पिढी संगणकावर उतरवून घेते आणि लगेच विचारते, ‘तेवढी खरखर काढता येईल का?’ येते. पण ती कशी निघते याबद्दलच्या काही समजुती अशा आहेत, की खरखरीच्या पाठोपाठ गाणंही घराबाहेर पडतं.

‘खरखर हा वेगळा थर असतो, तो सोलून काढायचा’

असा थर नसतोच. माइकपाशी हवेचा दाब कमीजास्त होतो आणि तेवढंच टेपवर उमटतं. गवयाचा षड्ज, तबल्याची चाट, छताचा पंखा, तिसऱ्या रांगेतला खोकला, सगळ्यांची मिळून एकच बेरीज. बेरजेवरून मूळ आकडे शोधायचे तर काहीतरी गृहीत धरावं लागतं. नेहमीची सॉफ्टवेअर धरतात ते असं : जे सतत एकसारखं वाजतं ते नको असलेलं, जे बदलतं ते हवं असलेलं. स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली या कुळातली एक पद्धत मांडली ती बोलण्याच्या आवाजासाठी. बोलण्याला हे गृहीत चालून जातं. आपल्या संगीतात मात्र सतत एकसारखं वाजणारं एक वाद्य मुद्दाम मागे बसवलेलं असतं.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये काय करतात पाहा. फक्त खरखर आहे असा छोटा तुकडा आधी निवडून दाखवायचा. प्रोग्राम त्या तुकड्यातल्या प्रत्येक कंपनसंख्येची पातळी टिपून घेतो आणि मग सबंध ध्वनिमुद्रणात त्या पातळीच्या आसपास जे जे सापडेल ते दाबतो. आता मैफलीत असा तुकडा कुठे शोधणार? गवई बसलेत, तंबोरे झंकारतायत, पहिला सा अजून लागायचाय. ही ‘रिकामी’ जागा म्हणून बहुतेक जण नेमकी हीच निवडतात. झालं! खर्ज, जोडीच्या तारा, पंचम, जवारीतून उमटणारे वरचे स्वर, सगळे नकोशांच्या यादीत गेले. मग गवयाने श्वास घेतला की तंबोरा गायब होतो आणि गाणं सुरू झालं की अर्धामुर्धा परत येतो. त्याहून वाईट म्हणजे गवयाचा षड्ज तंबोऱ्याशीच मिळालेला असल्याने, हळुवार लावलेला सा कुरतडला जातो आणि शेजारचा कोमल रिषभ मात्र शाबूत राहतो. सुरात असल्याची शिक्षा!

तुकडा घ्यायचा तो तंबोरे सुरू होण्याआधीचा, किंवा टाळ्या संपल्यावर नुसतं सभागृह ऐकू येतं तिथला. अर्धा सेकंद मिळाला तरी काम भागतं. आणि ऑडॅसिटीत ‘रेसिड्यू’ नावाचा एक पर्याय आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. तो निवडला की आपण जे काढून टाकतोय फक्त तेच ऐकू येतं. त्यात नुसतं ‘सूं’ हवं. राग ओळखू यायला लागला, तर हात आवरायचा.

‘जितकं जास्त काढू तितकं स्वच्छ’

सहा डेसिबलने कमी केलं की खरखरीचा जोर निम्म्यावर येतो, वीसने एक दशांशावर. वीसचा मोह सगळ्यांनाच होतो. पण जास्त दाबलं, की खरखरीचे काही कण चाळणीतून सुटतात आणि मधूनमधून किणकिणतात. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. संथ, सलग खरखर कान दोन मिनिटांत विसरतो, ही किणकिण मात्र तो विसरत नाही. सहा ते दहा डेसिबलवर थांबावं असं माझं मत आहे. थोडी खरखर उरली तर उरली.

‘डेकवरचं डॉल्बीचं बटण दाबा, झालं’

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपल्याकडे ज्यांचं नाव चिकटलं, ते रे डॉल्बी आयुष्यभर आवाज स्वच्छ करण्याच्या मागे होते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंडीगडला होते. तिथून लंडनला जाऊन १९६५ साली त्यांनी आपली कंपनी काढली. घरगुती यंत्रांसाठीची त्यांची ‘डॉल्बी बी’ पद्धत १९६८ची. ध्वनिमुद्रण करतानाच वरच्या पट्टीतले हळू आवाज वाढवून ठेवायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे. त्यांच्याबरोबर टेपची खरखरही दहाएक डेसिबलने खाली येते. म्हणजे हा दोन टोकांचा करार आहे. मुद्रण साध्या टेपरेकॉर्डरवर केलेलं असेल, तर वाजवताना बटण दाबून गाणं फक्त मंद होतं.

‘विजेची घूं-घूं काढणं सगळ्यात सोपं’

अर्धं खरं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं-घूं ५०, १००, १५० अशा ठरलेल्या जागी सापडते. तिथे बारीक चिमटा लावता येतो. अडचण एवढीच, की त्याच भागात संगीतही राहतं. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर आणि तंबोऱ्याचा खर्ज ६९वर असतो. ‘८०च्या खालचं सगळं उडवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला ऐकलात, तर खर्जाचा पाया आणि डग्ग्याचा घुमारा दोन्ही उडतील. पांढरी दोनचा षड्ज १४७वर, म्हणजे १५०च्या दारातच. तिथे चिमटा रुंद लागला तर गवयाच्या सा-लाच खड्डा पडतो.

शिवाय घूं-घूं लगेच काढूही नये, ती एका कामाची असते. ती आपल्या डेकची नसून मूळ टेपवरच उमटलेली असेल आणि ५०ऐवजी ५२वर दिसत असेल, तर टेप चार टक्के जास्त वेगाने धावत असण्याची शक्यता आहे. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लटकणाऱ्या षड्जाचं कोडं त्यातून सुटू शकतं. पूर्वी वीजही पन्नासवर ठाम नसे, म्हणून हा अंदाजच. गवयाच्या नेहमीच्या पट्टीशी तो ताडून बघावा.

‘फोन आपणहून आवाज साफ करतो, ते चांगलंच’

फोनवर बोलण्यासाठी चांगलं. २०२०च्या टाळेबंदीत झूमवर शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना गुरुजी दिसत होते, तंबोरा ऐकूच येत नव्हता. सॉफ्टवेअरने त्याला पंखा समजून गिळलं होतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की हे गिळणं थांबतं.

‘आता एआय सगळं काढून देतं’

२०२३ साली बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं. जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून वेगळा करून ते गाणं पुरं केलं गेलं. खरोखर थक्क करणारं काम. पण अशा प्रणालींना शिकवण्यासाठी जो साठा सर्रास वापरला जातो त्यातल्या दीडशे गाण्यांचे कप्पे चार : गळा, ड्रम, बेस आणि ‘बाकीचं’. मैफलीत सारंगी आणि हार्मोनियम गळ्याच्या सावलीसारखी चालतात. तोच स्वर, सारंगीवर तर तीच मींडही, किंचित मागून. मग सारंगीचा तुकडा गळ्याच्या कप्प्यात आणि गळ्याचा ‘बाकीच्या’त जातो. खोकला पुसणाऱ्या साधनांचंही असंच. ती आजूबाजूचं पाहून भोक बुजवतात. लांब आकारात ते खपून जातं. द्रुत तानेत मात्र गवयाने न घेतलेला स्वर ऐकू येऊ शकतो. तिथे खोकला परवडला.

दाद तर काढूच नये. १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी समेवर उमटलेली ‘वाहवा’ गाण्याला पुढे ढकलते, पुढची तान कधीकधी तिच्याचमुळे येते.

‘साफ फाइल मिळाली, कॅसेट टाकून द्या’

मुळीच नाही. सफाईची साधनं दर काही वर्षांनी सुधारतात, एकदा कापलेलं मात्र परत येत नाही. आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडचा कल त्या कॅसेटशी जुळवून घ्या. हा कल चुकला की वरचे स्वर उतरतच नाहीत आणि लोक तो दोष टेपच्या वयावर ढकलतात. त्यानंतर काहीही न काढता, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करून ठेवा. एमपीथ्री नको, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत तर नकोच. काय काढायचं ते या फाइलच्या दुसऱ्या प्रतीवर काढा आणि तिच्या नावातच लिहून ठेवा : ‘पंखा, ६ डीबी’.