हॅरिएट टबमन : तीनशे नव्हे, सत्तर

गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. त्या लढ्यात स्वतः गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवायला परत परत गेलेली बाई म्हणजे हॅरिएट टबमन. तिने १९ खेपा करून ३०० गुलाम सोडवले, असं सर्रास सांगितलं जातं. हे आकडे सारा ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या चरित्रातून पसरले. पुढच्या संशोधनातून दिसतं ते असं : १८५० ते १८६० या काळात साधारण १३ खेपा आणि ७० च्या आसपास माणसं. आणखी जवळपास तितकीच तिने समजावून दिलेल्या वाटेने आपापली निसटली.

मला हा खरा आकडाच मोठा वाटतो, कारण त्यातली माणसं कोण होती ते कळतं. भाऊ, भाची, म्हातारे आईबाप, ओळखीपाळखीचे. दक्षिणेतल्या सगळ्या राज्यांत ती फिरली, हाही गैरसमजच. तिच्या खेपा मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, जिथे ती वाढली होती. तिथली दलदल तिच्या पायाखालची होती आणि जंगल तिने लाकूडतोडीच्या कामात बापाबरोबर पालथं घातलं होतं. फरारी गुलामांना लपवत पुढे पोचवणाऱ्या ‘भूमिगत रेल्वे’ला ना रूळ होते ना बोगदे. विल्मिंग्टनच्या थॉमस गॅरेटसारख्यांची घरं, स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबं आणि लांबलचक रात्री, एवढंच तिचं भांडवल. म्हणून ती हिवाळा निवडायची. निघायचं शनिवारी रात्री, कारण फरारी गुलामाची जाहिरात सोमवारच्या आत छापून येत नसे.

१८५४ च्या ख्रिसमसला तिचे तीन भाऊ बापाच्या खोपटाजवळ कडब्याच्या कोठीत लपले होते. आई सणाच्या जेवणाला मुलांची वाट बघत बसलेली. तिला कळवलं असतं तर तिचा आकांत शेजारीपाजारी ऐकू गेला असता, म्हणून कळवलं नाही. बाप बेन रॉस जेवण घेऊन आला, पण मुलांकडे त्याने पाहिलं नाही. निघताना डोळ्यांवर रुमाल बांधून तो थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालला. उद्या कुणी विचारलं तर ‘मी मुलांना पाहिलं नाही’ हे त्याला खरेपणाने सांगता यायला हवं होतं.

तिच्या डोक्यावर ४०,००० डॉलरचं बक्षीस होतं, हेही खरं नाही. तो आकडा यादवी युद्धानंतरचा. १८४९ मध्ये मालकिणीने दिलेल्या जाहिरातीत ती ‘मिंटी’ आहे, वय सुमारे २७, उंची सुमारे ५ फूट. राज्याबाहेर पकडून दिल्यास बक्षीस १०० डॉलर.

शेकड्यांनी माणसं सुटली ती वेगळ्या प्रसंगी, यादवी युद्धात. २ जून १८६३ रोजी साउथ कॅरोलिनातल्या कंबाही नदीवर उत्तरेच्या बाजूच्या कर्नल माँटगोमेरीच्या फौजेबरोबर ती गेली. नदीत पेरलेल्या सुरुंगांची माहिती तिच्या हेरांनी काढली होती. त्या एका छाप्यात ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले.

१८६० च्या डिसेंबरातली शेवटची खेप मात्र बहीण रेचेलसाठी होती. रेचेल तोवर वारली होती. तिच्या दोन मुलांना आणायला ३० डॉलरची लाच हवी होती, आणि हॅरिएटकडे तेवढे पैसे नव्हते. मुलं मागेच राहिली. त्या खेपेत तिने एनल्स कुटुंबाला बाहेर काढलं, तान्हं बाळ रडू नये म्हणून त्याला अफूचं औषध पाजून.