घरामागचं अंगण जंगल होतं तेव्हा

लहानपणी केबलवर पाहिलेला ‘हनी, आय श्रंक द किड्स’ काल मुलीसोबत पुन्हा पाहिला. १९८९ चा सिनेमा, पण जादू तशीच आहे!

वेन झलिन्स्की (रिक मोरॅनिस) या धडपड्या संशोधकाच्या यंत्रामुळे चार मुलं जेमतेम ६ मिलिमीटरची होतात. कचऱ्यासोबत घराबाहेर जातात आणि घरामागची हिरवळ त्यांच्यासाठी घनदाट अरण्य बनते. स्प्रिंकलरचे थेंब बॉम्बसारखे कोसळतात, तर रात्री लेगोचा ठोकळा निवारा होतो.

दिग्दर्शक जो जॉन्स्टन यांचा हा पहिलाच चित्रपट. पुढे त्यांनीच ‘जुमांजी’ केला. बरंचसं चित्रीकरण मेक्सिको सिटीतल्या चुरुबुस्को स्टुडिओत झालं. माणसापेक्षा उंच गवताची पाती तिथे खरोखर उभारली होती. मुलांची लाडकी मुंगी यांत्रिक बाहुल्या आणि स्टॉप-मोशनमधून जिवंत झाली. म्हणूनच तिला हात लावावासा वाटतो!

आता थोडं विज्ञान. दीड मीटरचं मूल ६ मिलिमीटरचं झालं, म्हणजे उंची २५० पट घटली. स्नायूंची ताकद त्याच्या वर्गाने, सुमारे ६२ हजार पट घटेल. वजन मात्र घनाने, दीड कोटी पटीहून जास्त! म्हणूनच मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं लीलया उचलते.

शेवटी सिनेमातल्या त्या मुंगीसाठी मुलगी रडली. तिच्या वयात मीही रडलो होतो. घरात मुलं असतील तर नक्की दाखवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गवतात पालथं झोपून मुंग्या बघू द्या.