हिरड्यांतून रक्त आले की…

ब्रश करताना रक्त दिसले की आपण तो कोपरा घासायचेच सोडतो. मग तिथेच जंतूंचा थर साचतो, हिरडी सुजते, आतले हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. दुखत मात्र फारसे नाही.

घरात कुणाला मधुमेह असेल तर जास्त जपावे. वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. अम्मीची साखर तपासतो, तसे तिचे दातही दाखवून घ्यावेत.

मिश्रीचे वेगळेच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते, आणि खाला म्हणतात, ‘माझ्या हिरड्या ठणठणीत!’

मिसवाक चांगलीच, हिरडीपाशी हळुवार फिरवावी. पण दगडासारखा घट्ट झालेला थर तिने निघत नाही, तो डॉक्टरांनीच काढायचा.