छंदाला वेळ द्या, पण झोपेतून नको

दिवाळी अंकांसाठी कथा-कविता पाठविण्याची धांदल आणि कासच्या पठारावर फुले येण्याचे दिवस साधारण एकाच सुमारास, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारचे रुग्ण वाढतात. डोके दुखते, पित्त होते, मान आखडते, डोळे चुरचुरतात, घरात चिडचिड होते, अशा त्यांच्या तक्रारी असतात. तपासले तर मोठा आजार सापडत नाही. मग मी विचारतो, "हल्ली काही लिहिता का? फोटो काढायला जाता का?" पुष्कळदा उत्तर 'हो' असे येते.

लेखन आणि छायाचित्रण हे दोन्ही चांगले छंद आहेत. त्यांनी मन ताजे राहते, याविषयी दुमत नाही. परंतु नोकरी, दुकान, शेती आणि संसार सांभाळणाऱ्याला त्यासाठी वेळ काढायचा कोठून, हा प्रश्न पडतो. बहुतेक जण तो दोनच ठिकाणांहून काढतात, झोपेतून आणि जेवणातून. आजाराचे मूळ येथे आहे, छंदात नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. बाईंचे वय पंचेचाळीसच्या आसपास, शाळेत नोकरी. रोजची डोकेदुखी, आणि रक्तदाब 150/96. दोन-तीन दिवस पुन्हा मोजला, तरी तेवढाच. गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, हिला ते कथा लिहिणं बंद करायला सांगा. तुमचं ऐकेल." मी बाईंना दिवसाचा हिशेब विचारला. पहाटे पाचला उठणे, डबे, शाळा, संध्याकाळचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, सगळे झोपल्यावर साडेदहाला वही उघडणे. दीड वाजेपर्यंत लेखन, सोबत दोन कप कडक चहा. झोप साडेतीन तास.

मी लेखन बंद करायला सांगितले नाही. गोळी न देता, मीठ कमी करायला सांगून दोन महिने वाट पाहण्याचे ठरविले आणि सल्ला गृहस्थांना दिला. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी सात ते आठ हा तास बाईंचा. त्या वेळी स्वयंपाकघर तुम्ही आणि मुलांनी पाहायचे. खिचडी झाली तरी चालेल. रात्री साडेदहाला दिवा बंद. त्यांना हे आवडले नव्हते, पण त्यांनी ते पाळले. दोन महिन्यांनी रक्तदाब 134/86 होता आणि डोकेदुखी थांबली होती. प्रत्येकाला एवढा गुण येईल असे नाही. रक्तदाब वाढण्याची कारणे अनेक असतात आणि काहींना औषध घ्यावेच लागते. पण जागरण सुरू ठेवून नुसती गोळी वाढविणे हा उपचार नव्हे.

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. महिनोन्‌महिने ती कमी पडली तर रक्तदाब, मधुमेह आणि वजन वाढण्याचा धोका वाढतो, हे आता निश्चित झाले आहे. स्मरणशक्ती आणि एकाग्रताही कमी होते, म्हणजे ज्या लेखनासाठी जागायचे तेच बिघडते. चहा-कॉफीतील कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या चहाचा अंमल पहाटे तीनलाही थोडा शिल्लक असतो.

डोळ्यांचेही तसेच. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. संगणक किंवा मोबाइलकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहून कमी होऊ शकते. त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. फोटो काढून झाल्यावर ते पडद्यावर तासन्‌तास न्याहाळणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो.

छायाचित्रकारांना मला दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. पहिली, पहाटेच्या उजेडासाठी दोनला उठून मोटारसायकलने घाट चढणे आणि दुपारी त्याच पेंगुळलेल्या डोळ्यांनी परतणे अतिशय धोक्याचे आहे. डुलकी दोन सेकंदांची असली तरी ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी तेवढ्यात 33 मीटर पुढे जाते. आदल्या रात्री लवकर झोपा, किंवा गाडी चालवायला झोप झालेला सोबती न्या.

दुसरी, मधुमेहींसाठी. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पठारावर भटकू नका. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावे आणि नंतर काही खावे. कॅमेऱ्याच्या बॅगेत साखरेची पुडी आणि पोळी-भाजीचा डबा ठेवायला विसरू नका.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांना ओव्या सुचत. त्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. कामात असतानाही सुचते. स्वतंत्र वेळ लागतो तो मुख्यतः उतरवायला, आणि त्यासाठी घरच्यांचा हातभार लागतो.

पुढील पथ्ये पाळावीत :

1. छंदाची वेळ ठरवून घ्यावी आणि घरात सांगावी. रोज अर्धा तास हा महिन्यातून एका रात्रभराच्या जागरणापेक्षा बरा.

2. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी टाळावी.

3. उशाशी छोटी वही ठेवावी. रात्री काही सुचले तर दोन ओळी टिपून झोपावे.

4. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. दर अर्ध्या तासाने उठून मान-खांदे मोकळे करावेत.

5. कॅमेऱ्याचे ओझे एकाच खांद्यावर न घेता पाठीवर, दोन्ही पट्ट्यांनी घ्यावे.

6. चार रविवारांपैकी किमान दोन घरच्यांसाठी राखावेत.

शेवटी एक सूचना. आवडता छंदही दोन आठवडे नकोसा वाटू लागला, मन उदास राहिले, किंवा उलट, कित्येक दिवस झोप न घेताही थकवा नाही, बोलणे आणि खर्च आवरत नाही, असे झाले तर ती 'लेखकाची लहर' समजू नये. हे मनाचे आजार असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांना वेळीच दाखवावे.

घरातील कोणी लिहीत असेल, फोटो काढीत असेल तर त्याला 'हे सोड' म्हणण्याआधी विचारा, तू रात्री किती वाजता झोपतोस? आणि दिवसातला एक तास त्याला आपण देऊ शकतो का, हेही पाहा.