साडेबारा गुणिले साडेआठ : अपूर्ण मापाच्या शेताचे क्षेत्रफळ कसे काढावे?

शेतीच्या बहुतेक सर्व कामांचा हिशेब क्षेत्रफळावर आधारलेला असतो. बियाणे किती घ्यावे, खताची मात्रा किती द्यावी, फवारणीस किती औषध लागेल, निंदणीची मजुरी किती होईल, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी क्षेत्र ठाऊक असावे लागते. आयताकृती शेताची लांबी व रुंदी यांचा गुणाकार म्हणजे त्याचे क्षेत्रफळ, हे सर्वांस माहीत आहे. परंतु शेताची बाजू पूर्ण मापात क्वचितच भरते. ती साडेबारा, सव्वाचार, पावणेसहा अशी येते, आणि तेथेच हिशेब चुकतो. ही चूक कशी होते व ती कशी टाळावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक अनुभव

गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी तेल्हारा तालुक्यातील एका गावी गेलो असता कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर वाद चाललेला दिसला. निंदणीचे काम एकरी दराने उक्ते दिलेले होते. शेतमालकाने तेहतीस फुटांच्या दोरीने शेत मोजले होते. लांबी साडेबारा दोऱ्या व रुंदी साडेआठ दोऱ्या भरली. मालकाने बारा आठे शहाण्णव व अर्ध्याचा अर्धा पाव, असे मिळून सव्वाशहाण्णव गुंठे धरले होते. निंदणाऱ्या बायांपैकी एक वयस्क बाई म्हणाली, “साहेब, आमी दरसाल निंदतो ना हे वावर. एवढं कमी कसं भरते मंग?” बाईस गुणाकार सांगता येत नव्हता, पण तिचा अंदाज बरोबर होता. शेत सव्वाशहाण्णव नव्हे, तर एकशे सव्वासहा गुंठ्यांचे होते. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, हिशेबातून गळाले होते. एकरी दर दोन हजार रुपये धरला, तर त्या बायांच्या पदरचे पाचशे रुपये गेले असते. मालकाच्या मनात कपट नव्हते. दोष गुणाकाराच्या रीतीचा होता.

चूक कोठे होते?

या ठिकाणी तेहतीस फूट हे माप का घेतात, हे प्रथम पाहू. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौरस फूट) होय, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. म्हणून बाजू दोरीत मोजल्यास गुणाकार थेट गुंठ्यांत येतो.

आता काडीने जमिनीवर त्या शेताची आकृती काढावी. लांबीत बारा दोऱ्यांवर एक आडवी रेघ व रुंदीत आठ दोऱ्यांवर एक उभी रेघ ओढावी. शेताचे चार तुकडे झालेले दिसतील :

(१) मोठा तुकडा, १२ × ८ : ९६ गुंठे
(२) लांबीच्या बाजूची पट्टी, १२ × अर्धा : ६ गुंठे
(३) रुंदीच्या बाजूची पट्टी, ८ × अर्धा : ४ गुंठे
(४) कोपरा, अर्धा × अर्धा : पाव गुंठा
एकूण : एकशे सव्वासहा गुंठे, म्हणजे २ एकर सव्वासव्वीस गुंठे

मालकाने पहिला व चौथा हे दोनच तुकडे धरले; दोन्ही पट्ट्या राहून गेल्या. पूर्णांकास पूर्णांकाने व अपूर्णांकास अपूर्णांकाने गुणून थांबणे, हीच ती सामान्य चूक. चार तुकड्यांपैकी एकही वगळून चालणार नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

कोपऱ्याविषयीही एक गैरसमज आढळतो. अर्धी दोरी लांब व अर्धी दोरी रुंद असलेला तुकडा अर्धा गुंठा असेल, असे अनेकांस वाटते. वस्तुतः एका गुंठ्यात असे चार तुकडे बसतात. म्हणून तो पाव गुंठाच होय.

ताळा पाहण्याची दुसरी रीत

साडेबारा म्हणजे पंचवीस अर्धे व साडेआठ म्हणजे सतरा अर्धे. अर्ध्या दोरीचे चौकोन आखले, तर सर्व शेतात २५ × १७ = ४२५ चौकोन होतील. प्रत्येक चौकोन पाव गुंठ्याचा आहे. ४२५ ला ४ ने भागिले असता १०६ येतात व एक पाव उरतो. उत्तर तेच, एकशे सव्वासहा. दोन्ही रीतींनी एकच उत्तर आले म्हणजे हिशेबाविषयी शंका उरत नाही.

पाव, पाऊण आणि आणे

पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करून घेतले जात. बारांची निमकी सहा, आठांची निमकी चार, असे त्या पिढीस लेखणीवाचून सांगता येई. वरील दोन पट्ट्यांचे क्षेत्र काढण्यास याच पाढ्यांचा उपयोग होतो. घरात असा वृद्ध माणूस असेल, तर मुलांनी त्यांच्याकडून ते अवश्य शिकावेत.

मुंबई इलाख्याच्या जुन्या जमीनमोजणीत तेहतीस फुटांच्या साखळीचे सोळा आणे व एका गुंठ्याचेही सोळाच आणे धरीत. रुपयाचे आणे १९५७ साली गेले. तरी अपूर्णांक समजण्यास ही रीत अद्याप सोयीची आहे. उदाहरणार्थ, कांद्याचा एक तुकडा पावणेसहा दोऱ्या लांब व सव्वाचार दोऱ्या रुंद आहे.

पाच चोक वीस : २० गुंठे
पाचांची पावकी : १ गुंठा ४ आणे
चारांची पाऊणकी : ३ गुंठे
कोपरा, पाऊण × पाव : ३ आणे
एकूण : २४ गुंठे ७ आणे

याचा ताळा पुढीलप्रमाणे पाहावा. पावणेसहा म्हणजे सहास पाव कमी. सव्वाचारची सहापट साडेपंचवीस गुंठे, म्हणजे २५ गुंठे ८ आणे. त्यातून सव्वाचारचा पाव भाग, म्हणजे १ गुंठा १ आणा वजा केला असता २४ गुंठे ७ आणेच राहतात.

टिंबापासून सावधगिरी

यंत्रावर हिशेब करणाऱ्या तरुण शेतकऱ्यांकडून निराळ्या प्रकारची चूक होते. बारा फूट सहा इंच हे माप १२.६ असे लिहिले जाते. फुटाचे इंच बारा असल्याने सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून १२.५ असे लिहावयास हवे. त्याचप्रमाणे २ एकर २६ गुंठे म्हणजे २.२६ एकर नव्हे. एकराचे गुंठे चाळीस असल्याने आपल्या उदाहरणातील २ एकर सव्वासव्वीस गुंठे म्हणजे सुमारे २.६६ एकर होतात. दोन हजारांच्या दराने २.२६ ची मजुरी ४,५२० रुपये होईल. खरी मजुरी ५,३१२ रुपये ५० पैसे आहे. यावर सोपा उपाय असा की, एकरी दरास चाळीसने भागून गुंठ्याचा दर काढावा (येथे पन्नास रुपये) व त्याने एकूण गुंठ्यांस गुणावे.

सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर. आपले शेत सुमारे १ हेक्टर साडेसात आर भरते. हेक्टरचे आर शंभर असल्याने ते १.०७ असे लिहावे, १.७ असे नव्हे.

मोजताना घ्यावयाची काळजी

(१) दोरी न ताणणारी असावी. ती चार वेळा दुमडली असता सोळा सारखे भाग होतात. त्या ठिकाणी रंगाच्या खुणा कराव्यात. एक भाग दोन फूट पाऊण इंच येतो.

(२) समोरासमोरच्या दोन्ही बाजू मोजाव्यात. त्यांत थोडा फरक असल्यास सरासरी घ्यावी.

(३) दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तरच शेत खरे आयताकृती आहे. कर्णांत बराच फरक असेल, तर केवळ लांबी-रुंदीच्या गुणाकारावर विसंबू नये.

(४) ही मोजणी खत, औषध व मजुरी यांच्या हिशेबापुरती आहे. हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच मोजणी करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत कागदावर न सांगता शेतात, काडीने आकृती काढून दाखवावी. वर सांगितलेल्या शेतावर तसेच केले. दोन पट्ट्या डोळ्यांपुढे येताच मालक स्वतःच म्हणाले, “हे दहा गुंठे माझ्याच वावरात होते, अन् मलेच दिसले नाही.” बायांची राहिलेली मजुरी त्यांनी त्याच दिवशी चुकती केली. पुढे त्याच मापाने त्यांनी खताचाही हिशेब नव्याने मांडला. कारण मजुरीत जे दहा गुंठे सुटले होते, ते खताच्या मात्रेतही सुटलेले होते.