साम्राज्याचा जमाखर्च (लेखांक ६) : ब्रह्मदेशाचं बिल कुणाच्या नावावर?

गेल्या आठवड्यात आपण दुसऱ्या अफगाण युद्धाचा खर्च पाहिला. त्या वेळी बरीच ओढाताण होऊन शेवटी ब्रिटनने ५० लाख पौंडांचा वाटा उचलला आणि उरलेला सगळा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. वाटणी अन्यायाची होती, पण निदान वाटणी झाली. पाचच वर्षांनी वरचा ब्रह्मदेश जिंकला गेला, तेव्हा वाटणीचा प्रश्नच ठेवला गेला नाही. जिंकण्याचा खर्चही हिंदुस्थानचा आणि नंतर तिथलं राज्य बसवण्याचा खर्चही हिंदुस्थानचाच.

आधी थोडी पार्श्वभूमी. खालचा ब्रह्मदेश, म्हणजे आराकान, तेनासरीम आणि पेगू हे प्रांत, १८२६ आणि १८५२ च्या युद्धांत इंग्रजांकडे आला होता. मंडालेला राजा थिबाचं राज्य उरलं होतं. तिथल्या सागवानाची तोड बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होती. ही कंपनी १८६३ साली आपल्या मुंबईतच स्थापन झाली. कंपनीने जेवढ्या ओंडक्यांचे पैसे भरले त्याहून जास्त ओंडके बाहेर काढले, असा ठपका ठेवून राजदरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्यात फ्रेंच मंडालेत पाय रोवतील ही धास्ती होती, आणि वरच्या ब्रह्मदेशाची बाजारपेठ हवी म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांचा तगादाही होता. भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल यांचा कल उघडच चढाईकडे होता. ऑक्टोबर १८८५ मध्ये थिबाला निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा आगबोटींतून इरावतीवर चढल्या आणि २८ नोव्हेंबरला मंडाले पडलं. मोहीम पंधरवड्यात आटोपली.

या सगळ्यात निर्णय कुणाचा होता आणि फायदा कुणाचा, हे लक्षात ठेवा. पुढचा हिशोब त्याशिवाय कळणार नाही.

मंडाले पडल्यावर बरोबर महिन्याने, २८ ते ३० डिसेंबर १८८५ या तीन दिवसांत, मुंबईत गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. तिथे झालेल्या नऊ ठरावांपैकी सातवा ठराव ब्रह्मदेशावर होता आणि तो फिरोजशहा मेहतांनी मांडला. ठरावाचा आशय असा : वरचा ब्रह्मदेश खालसा करू नये, आणि दुर्दैवाने सरकारने तसं ठरवलंच, तर संपूर्ण ब्रह्मदेश व्हाइसरॉयच्या कारभारातून वेगळा काढून सिलोनसारखी स्वतंत्र राजवसाहत करावी.

अनेकदा या ठरावाकडे शेजाऱ्याबद्दलची सहानुभूती म्हणून पाहिलं जातं. ती होतीच. पण ठरावाचा दुसरा भाग नीट वाचला की त्यातला हिशोबी नेमकेपणा दिसतो. सिलोनचा जमाखर्च कलकत्त्याच्या वह्यांत येत नव्हता. ब्रह्मदेशही तसाच वेगळा झाला असता, तर त्याची तूट हिंदुस्थानला भरावी लागली नसती. साम्राज्याला नवा प्रांत हवा असेल तर त्याचा खर्च साम्राज्याने पाहावा, एवढंच हे म्हणणं होतं. आणि ही माणसं कर चुकवू पाहत नव्हती. लष्करी खर्च वाढणारच असेल तर सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टरांसारख्या पेशांनाही कराच्या कक्षेत आणा, असं त्याच अधिवेशनाच्या सहाव्या ठरावात होतं. म्हणजे स्वतःच्याच वर्गावर कर सुचवून त्यांनी ब्रह्मदेशाच्या खर्चाला हरकत घेतली.

अधिवेशन संपलं आणि तिसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८८६ रोजी, लॉर्ड डफरिन यांनी वरचा ब्रह्मदेश खालसा केल्याचा जाहीरनामा काढला.

इथे एक कायदा आडवा येत होता. १८५८ च्या कायद्याचं ५५ वं कलम सांगत होतं, की आक्रमण परतवणं किंवा अशीच तातडीची गरज सोडली, तर हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्च करता येणार नाही. कलम चांगलं होतं. पण फेब्रुवारी १८८६ मध्ये पार्लमेंटसमोर हा विषय आला तेव्हा मंडाले पडून तीन महिने होत आले होते. काही सभासदांनी विरोध केला, तरी मंजुरी मिळाली. त्या पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातल्या करदात्याचा एकही प्रतिनिधी नव्हता.

आणखी एक गोष्ट घडली. जाहीरनाम्याने सरहद्दच पुढे सरकली. काल जो मुलूख सरहद्दीबाहेर होता, तो आज आत आला. मग तिथली पुढची लढाई 'बाहेरची मोहीम' राहिली नाही, ती प्रांतातल्या बंदोबस्तात जमा झाली. आणि खरा खर्च तर तिथेच होता. राजा पकडायला पंधरा दिवस लागले, पण गावोगावच्या बंडखोर टोळ्यांना शमवायला १८९० उजाडलं. सुमारे १० हजारांच्या फौजेने सुरू झालेलं काम सैनिक आणि लष्करी पोलीस मिळून ३० हजारांच्या वर गेलं.

हे पैसे आले कुठून? १८८६ च्या जानेवारीतच अर्थसदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी प्राप्तिकराचं विधेयक आणलं. रुपयाची घसरती किंमत आणि रशियाच्या भीतीने वाढवलेली फौज हीही त्यामागची कारणं होती. सगळा कर ब्रह्मदेशासाठी होता असं म्हणणं चूक ठरेल. पण ब्रह्मदेशाचा बोजा त्याच पेटीत येऊन पडला. वर्षाला ५०० रुपयांच्या वर पगार असलेल्याला रुपयामागे ४ पै, आणि २,००० पासून पुढे ५ पै असा दर बसला. महिना ५० रुपये मिळवणारा एखादा कारकून डोळ्यांपुढे आणा. वर्षाचे झाले ६००. रुपयाचे १९२ पै, तेव्हा त्याचा कर झाला साडेबारा रुपये. महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा.

ज्याला ५० रुपये स्वप्नातही दिसत नव्हते, त्याच्याकडे तिजोरी मिठावाटे पोहोचली. जानेवारी १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. वर्षाला अर्धा मण मीठ लागणाऱ्या घराचा कर एक रुपयावरून सव्वा रुपया झाला. चार आणे म्हणजे किती, हे ज्याची दिवसाची मजुरीच दोन-तीन आणे होती त्याला विचारायला हवं होतं. ते कुणी विचारलं नाही.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला १८९५ साली वेल्बी कमिशन नेमलं गेलं. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये तिथे साक्ष द्यायला दिनशा वाच्छा आणि पुण्याहून तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. हिंदुस्थानवर अन्यायाने लादल्या गेलेल्या खर्चांत ब्रह्मदेशाचा विषय तिथे पुन्हा निघाला. आकड्यांच्या भाषेत साम्राज्याला जाब विचारण्याची ही शिस्त आपल्या राजकारणाला याच पिढीने लावली, आणि तिचं मोल मला फार मोठं वाटतं.

पण हिशोबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रह्मी माणसाने ही राजवट मागितली नव्हती. खालच्या ब्रह्मदेशाच्या भातातून आणि निर्यातकरातून भरपूर महसूल येत होता आणि त्यातला बराच कलकत्त्याकडे जात होता. त्यामुळे आपण हिंदुस्थानची दुभती गाय झालो आहोत, अशी तक्रार रंगूनमध्ये होती. पुण्यात वाटत होतं की ब्रह्मदेश आपल्या गळ्यात बांधला. रंगूनला वाटत होतं की हिंदुस्थान आपल्याला पिळतो. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश वेगळा झाला, तेव्हा या दोघांची देणीघेणी ठरवायला लिओ अ‍ॅमेरी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला होता. मुंबईच्या ठरावात मागितलेली फारकत ५१ वर्षांनी मिळाली.

दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि ज्याने दोघांनाही न विचारता एका दावणीला बांधलं, तो मध्येच लवाद म्हणून बसला. नव्या मुलखाचा खर्च कुणी द्यायचा, हा वाद वरवर आकड्यांचा वाटतो. माझ्या मते त्याचं उत्तर आकड्यांत नव्हतंच. ज्याला 'नको' म्हणायचा अधिकार नव्हता, त्याच्या नावावर खर्च पडला. मंडालेच्या शेतकऱ्याच्याही आणि आपल्याकडच्या मिठाच्या गिऱ्हाइकाच्याही.

या वादातला एक माणूस आपल्या कोकणात आहे. एप्रिल १८८६ मध्ये थिबा राजाला रत्नागिरीला आणलं. त्याच्यासाठी बांधलेला वाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ साली तिथेच तो वारला. त्या वाड्यावरून समुद्राकडे पाहताना आपण सगळे थिबाची कहाणी आठवतो. पुढच्या वेळी गेलात तर त्या साडेबारा रुपयांच्या कारकुनाला आणि चार आण्यांच्या घरालाही आठवा. त्यांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही, पण हिशोब त्यांनीच चुकता केला.

(पुढील आठवड्यात : एडन. मुंबई इलाख्यातून चालणारं अरबस्तानातलं बंदर)